हेराल्डचा डावा खांदा

लिहून ठेवणार : श्रीमती बिजलीबाई भीमसिंग राठोड, वय ७२, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद शाळा. हल्ली राहणार दारव्हा रोड, यवतमाळ. मूळ राहणार तांडा, ता. घाटंजी, जि. यवतमाळ.

मी बिजलीबाई, पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने हे माझे शेवटचे इच्छापत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर आधी टाळाटाळ करत होते. मी त्यांना एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवला, तेव्हा हसत सही केली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल असा एकच माणूस होता, माझे यजमान, आणि त्यांचाही मी कधी मानला नाही. याआधी जुलै महिन्यात रागाच्या भरात मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे.

मला दोन अपत्ये. मुलगा अमर पुण्याला एका मोटार कंपनीत इंजिनिअर आहे. मुलगी निशिगंधा इथेच यवतमाळला बँकेत आहे. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतो, आईला याडी म्हणतो, पण वकिलांना आणि कोर्टाला कळावे म्हणून मराठीत लिहिते. शुद्धलेखन तपासायची गरज नाही, मी जन्मभर दुसऱ्यांचे तपासले आहे.

खरं सांगायचं तर घर, पैसा, सोनं यासाठी मी लिहायला बसले नाही. ते माझी लेकरं न भांडता वाटून घेतील एवढं वळण मी त्यांना लावलं आहे. मी लिहायला बसले ती गाडीसाठी. माझ्या पश्चात ती तांड्यावरच्या पोळ्याच्या रांगेत बैल म्हणून उभी राहणार, की कोण्या शौकीन माणसाच्या काचेच्या हॉलमध्ये जुनी मोटार म्हणून, हे मला डोळे उघडे असताना ठरवायचे आहे.

कलम १. घर. दारव्हा रोडवरचे राहते घर माझ्या पगारातून बांधलेले, म्हणजे स्वकष्टार्जित आहे. ते अमर आणि निशिगंधा यांना निम्मे-निम्मे. समोरचे टिनाचे शेड पाडून तिथे दुकानाचा गाळा काढायचा नाही. शेजारच्यांनी आमच्या गेटसमोर स्कूटी लावायची सवय मी असेपर्यंत सोडली नाही, तर मी गेल्यावर निशिगंधाने ती सोडवावी. तिचा आवाज माझ्यावर गेला आहे.

कलम २. पैसा आणि सोने. बँकेतील ठेवी दोघांना समान. पाटल्या निशिगंधाला. सूनबाई मला आवडते, पण तिच्या मनगटात त्या बसत नाहीत, म्हणून तिला गळ्यातली साखळी. सासूबाईंच्या हातची काचांची ओढणी कोणीही फ्रेममध्ये लावू नये. अंगावर घ्यावी.

कलम ३. गॅरेज. यजमानांच्या गॅरेजातली सगळी हत्यारे, जॅक, वेल्डिंगचा संच आणि रंगाची गन धम्मदीप यांना द्यावी. धम्मदीप हे मूळचे मुकुटबनचे, आमचे पेंटर, यजमानांच्या जोडीला उभा जन्म काढलेले. जुलैमध्ये मी त्यांच्यावर इतकी भडकले की दारात आले तर पाणीही विचारलं नाही. कशावरून ते पुढे येईल. तो राग आता उरला नाही, हे त्यांनी लेखी समजावे, कारण तोंडाने मी सांगणार नाही.

कलम ४. गाडी कोणती, आणि ती बैल कशी.

वर्णन : स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, पांढरी. मद्रासची ती कंपनी कधीच बंद पडली. या गाडीचं नुसतं बॉनेट उघडत नाही, मडगार्डांसकट अख्खं तोंड पुढे वाकतं. बैल चाऱ्याला मान खाली घालतो तसं. आणि वळते म्हणाल तर बैलगाडीच्या चाकोरीत जागच्या जागी वळते.

माझे यजमान भीमसिंग आणि दीर सेवादास हे सख्खे भाऊ. तांड्याच्या पोळ्यात राठोडांची जोडी सगळ्यात पुढे उभी राहते, हा आजेसासऱ्यांपासूनचा मान. वाटण्या झाल्या तेव्हा ती जोडी यजमानांच्या वाट्याला आली, आणि ती लहानाची मोठी केली होती सेवादास भाऊजींनी. यजमान तेव्हा यवतमाळला गॅरेज टाकून बसलेले. त्यांनी काय करावं? जोडी विकली आणि एका डॉक्टरांच्या अंगणात ताडपत्रीखाली पडलेली ही हेराल्ड घेऊन आले! मी शाळेतून घरी आले तर दारात गाडी आणि हे खाली झोपलेले, फक्त पाय बाहेर. मी म्हटलं, "हे काय आणलं?" तर खालून आवाज, "जोडी आणली."

भाऊजींनी त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. मी त्यांना दोष देत नाही. त्या बैलांना त्यांनी हाताने भरवलं होतं.

त्या वर्षी पोळ्याला सगळा तांडा बघत होता, मानाची जागा आता कोण घेतो. यजमानांनी गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे उंच केले, म्हणजे काळ्या मातीतल्या रस्त्याने पोट घासू नये. सागवानाची शिंगं घडवून बॉनेटवर बसवली, टोकांना विकलेल्या जोडीच्याच पितळी शेंब्या, कारण शेंब्या त्यांनी विकल्या नव्हत्या. चाकांना हिंगुळाचा लाल रंग, समोरच्या जाळीतून नवी वेसण, टपावर सासूबाईंनी काचा लावून शिवलेली झूल, बंपरला घुंगरमाळ. तशी ती गाडी नेऊन रांगेत पहिली उभी केली. अर्धा तांडा हसला, अर्धा चिडला. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, म्हातारे होते. त्यांनी भोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "वझं ओढते का?" यजमान म्हणाले, "ओढते." "मंग उभी राहू दे."

तिने पुढे खरोखर ओढलं. टपावर कापसाची गाठोडी ओढली, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, तांड्यावरच्या कित्येक नवऱ्या याच गाडीत बसून सासरी गेल्या. भाऊजी मात्र आपली नवी जोडी घेऊन दरवर्षी तिच्या मागे दुसरे उभे राहिले, आणि दरवर्षी मान दुसरीकडे वळवून. ती गाडी आहे, बैल नाही, हे त्यांनी अख्ख्या पंचक्रोशीला ऐकवलं.

कलम ५. हळद.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू घासून दुखावलेल्या खांद्यांना कोमट तूप आणि हळद चोळतात. त्या पहिल्या वर्षी गाडीला धम्मदीपनी नुकताच पांढरा रंग मारला होता. यजमान वाटी घेऊन निघाले तेव्हा धम्मदीप ओरडले, "भाऊ, रंग ओला हाये, हात नका लावू!" यजमान म्हणाले, "खांदा आजच शेकतात. रंगासाठी पोळा थांबते का?" आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, जिथे बैलाचा खांदा असता तिथे, तळव्याने हळद चोळली.

हळद ओल्या रंगात शिरली ती शिरलीच. उन्हाने फिकी पडायची, पोळ्याला पुन्हा गडद व्हायची. पुढे यजमान दरवर्षी त्याच जागी चोळायचे. ते गेल्यावर मी चोळते. दोन्ही खांद्यांवर तळहाताएवढे पिवळे डाग, बोटांच्या रेघांसकट. वेंधळेपणाच म्हणा. पण तो आमचा वेंधळेपणा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

कलम ६. नागपूर.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला आम्ही यजमान असतानाच जायला लागलो. यजमान गेल्यावर मीच चालवत नेते. नऊवारी नाही, सहावारी नेसून, क्लच नीट दबावा म्हणून पायात कापडी बूट. लोक फोटो काढतात, मी काढू देते. गेल्या हिवाळ्यात नागपूरला एक परीक्षक आले, पांढरे हातमोजे घातलेले. डाग बघून म्हणाले, "गंज आहे." मी म्हटलं, "हळद आहे." म्हणाले, "मॅडम, ओरिजनल गाडीवर हळद नसते." मी विचारलं, "तुमच्या लग्नात तुम्हाला लागली होती का? मग तुम्ही डुप्लिकेट झालात का?" त्यांनी आमच्या गाडीला शेवटचा नंबर दिला. सदर परीक्षकांना माझ्या इस्टेटीतून पाव किलो उत्तम हळद पोस्टाने पाठवावी. पत्ता निशिगंधाकडे आहे.

हे मी हसत सांगते, पण अमर हसला नाही. तो पुण्याहून मुद्दाम आला होता. कॉलेजची काही पोरं शिंगांना धरून फोटो काढत "बैलगाडी आली रे" करत होती, आणि एकाने विचारलं की हे येडपट काम कोणी केलं. अमर जवळच उभा होता. परतीच्या रस्त्याला मागच्या सीटवर बसून तो म्हणाला, "याडी, लोक बापूंना हसतात. मी हिला मूळ रूपात आणतो. मग कळेल त्यांना बापू काय कारागीर होते."

"मूळ रूप कोणाचं रे? कंपनी तर गेली. ती बघायला येणार आहे का?"

"तू हट्टी आहेस."

"हो. आणि गाडी मी चालवून राह्यली."



जुलैमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात असताना अमर आला आणि धम्मदीपना म्हणाला, याडीनेच सांगितलंय. त्यांनी विश्वास ठेवला. डावा खांदा घासला, नवा रंग मारला, वरून चकचकीत लॅकर. उजवीकडे पॉलिश पेपर लावला आणि त्यांचा हात चालेना. निशिगंधाला फोन केला, "ताई, बाईले एकडाव इचारा. मले काही बरोबर वाटून नाही राह्यलं." मी डोळ्याची पट्टी सोडून पहिली गोष्ट काय बघितली? उजवा खांदा पिवळा, डावा पांढराफटक. शिंगं काढून डिक्कीत टाकलेली. मी रडले. मला रडायला बंदी होती, तरी रडले.

अमर समोर होता. मी त्याला काय काय बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणाला, "मी बापूंसाठीच केलं." त्याच आठवड्यात मी ते पहिलं मृत्युपत्र केलं आणि गाडी निशिगंधाच्या नावे लिहिली. तिने वाचून परत दिलं. "याडी, मी गाडी चालवीन. तुमचं भांडण नाही चालवणार."

कलम ७. यंदाचा पोळा. वकील म्हणतात, मृत्युपत्रात हे लागत नाही. मी म्हणते, लागतं, कारण गाडी कोणाला जाते याचं कारण यातच आहे.

डोळ्यामुळे यंदा मला चालवायला मनाई होती. निशिगंधा बँकेच्या ट्रेनिंगला बाहेरगावी. गाडी न्यायला अमर आला, न बोलता. मी मागच्या सीटवर, तीही न बोलता. शिंगं डिक्कीतच. मी लाव म्हटलं नाही. मला बघायचं होतं तो काय करतो. त्याने लावली नाहीत. खांदशेकणीही यंदा झाली नव्हती. माझा हट्ट बघा, आदल्या दिवशी मी वाटी हातात घेतलीच नाही. कोणत्या खांद्याला लावू आणि कोणत्या तोंडाने?

तांड्यावर पोहोचलो. रांग लागलेली, डफडं वाजत होतं. अमरने गाडी पहिल्या जागी नेऊन उभी केली. मागे सेवादास भाऊजी, त्यांची जोडी, अंगावर झुली. यंदाही मान वळवतील म्हणून मी बघत होते. त्यांनी वळवली नाही. कासरा सुनेच्या हातात दिला आणि पुढे आले.

"अमर, शिंगं कुठी हायेत?"

"डिक्कीत, काका."

"काहून?"

अमर खाली बघत म्हणाला, "नागपूरले लोकं बापूले हासतात."

"हासू दे ना बे. ते नागपूरवाले येऊन राह्यले का आपल्या तोरणाखाली?" भाऊजींचा आवाज चढला. डफडं थांबलं. "असं बोडकं घेऊन आला तू, अन् मी याच्या मांगं उभा राहू? जमत नाही."

एवढी वर्षं ज्याच्या मागे उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटलं, त्याच्या शिंगांसाठी त्यांनी सगळी रांग अडवली. ते गाडीभोवती फिरले. उजव्या खांद्याशी थांबले, पुढे गेले, डाव्याशी आले. हात फिरवला. लॅकरवर बोट घसरलं.

"हा खांदा कोनं शेकला नाही?"

  भाऊजींनी सुनेकडे बघितलं. तिने कासरा दुसऱ्याकडे दिला, घराकडे धावत गेली आणि वाटी घेऊन आली, तूप आणि हळद. तोपर्यंत सगळे बैल आणि सगळा तांडा उन्हात उभा. रांगेतल्या काही जणांनी कुरकुर केली. भाऊजींनी नुसतं बघितलं, कुरकुर बंद.

वाटी त्यांनी अमरसमोर धरली. "लाव."

माझा इंजिनिअर मुलगा वाकला आणि हळद चोळायला लागला. लॅकरवर काही धरेना. चोळायचा, ओघळायची. पुन्हा चोळायचा. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं तो रडतोय. मी गाडीतून उतरले. भाऊजींनी हाताने मला थांबवलं.

"लावू द्या त्याले, वहिनी." मग त्याला म्हणाले, "यंदा नाही धरत तं पुढच्या साली धरंल. बापाचा हात एका सालात पिवळा नव्हता झाला."

मग अमरने डिक्कीतून शिंगं काढली आणि बसवली. नट त्याने हाताने आवळले, पाना मागितला नाही. रांगेसमोरचं तोरण तुटलं, पोळा फुटला, गाडी पहिली निघाली. बैल हा शब्द मात्र भाऊजींनी त्या दिवशीही तोंडातून काढला नाही. हेही मी लिहून ठेवते, कारण मी न्यायाने लिहिते.

कलम ८. वरील सर्व कारणांनी, सदर हेराल्ड गाडी, शिंगे, शेंब्या, झूल आणि घुंगरमाळेसह, माझ्या पश्चात अमर भीमसिंग राठोड याच्या एकट्याच्या मालकीची होईल. वकिलांनी सुचवलं की अट घाला : विकायची नाही, रंग बदलायचा नाही, पोळ्याला हजर ठेवायची. मसुदा तयारही होता. मी तो फाडला. त्या दिवशी अमरच्या शर्टाला कोपरापर्यंत हळद लागली होती. मी म्हटलं, धुऊन देते. म्हणाला, राहू दे, आणि तसाच पुण्याला गेला. अशा माणसाला अट कशाला घालायची? अमर, नागपूरला ने, पुण्याला ने, शेवटचा नंबर आला तर घेऊन ये. डाव्या खांद्याचं लॅकर काढायचं की नाही हे तू ठरव. मी सांगणार नाही, आणि मला न सांगता राहवत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून हे माझं मोठं दान समज.

कलम ९. शेत आणि धुरा. तांड्यावरचं माझ्या नावचं शेत दोन्ही लेकरांचं. त्या शेताच्या आणि सेवादास भाऊजींच्या शेताच्या मधली धुऱ्याची, म्हणजे बांधाची, पट्टी, जिच्यावर मोहाची झाडं आहेत, ती यजमानांची की भाऊजींची हा वाद मोजणीवाले येऊन गेले तरी मिटला नाही. ती पट्टी भाऊजींना द्यायची असं मी ठरवलं होतं. याच कलमात लिहिलं होतं. मजकूर वर खोडलेला दिसतो आहे, ती खोडाखोड माझीच आहे आणि तिच्याशेजारी माझी सही आहे. खोडण्याचं कारण असं.

मी भाऊजींना साक्षीदार म्हणून बोलावलं. वकील म्हणाले, ज्याला इस्टेटीतलं काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, पुढे कोणी शंका काढतो. धुरा तरी द्या, नाहीतर साक्ष तरी घ्या. आणि साक्षीदार काय, कचेरीसमोर हवे तेवढे मिळतात. मी भाऊजींना सगळं समजावून सांगितलं. धुऱ्यासाठी हा माणूस किती वेळा तहसीलला गेला, ते मी बघितलं आहे. मी स्वतः त्यांच्याशी त्यावरून तोंड वाजवलं आहे. म्हटलं, "भाऊजी, धुरा घ्या. सहीला मी दुसरं कोणी बघते."

त्यांनी विचारलं, "साक्ष कायची हाये?"

"मी माझ्या हाताने सही केली, आणि भीमसिंगची गाडी अमरला जाते, याची."

 चहा पुढे होता तो त्यांनी बाजूला सारला.

"मंग धुरा राहू द्या," म्हणाले. "तो पोरायचाच हाये. सही मी करतो."

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निशिगंधाने करावी. तिला सगळं जमतं, फक्त मला ते तिच्या तोंडावर सांगता आलं नाही. माझ्या तेराव्याला गोड जेवण घालावं. भाषण कोणी करू नये, आणि करायचंच असेल तर व्याकरण सांभाळावं.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करते.

सही : बिजलीबाई भीमसिंग राठोड
ठिकाण : यवतमाळ
दिनांक : १२ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार पहिल्या : विमलताई गावंडे, सेवानिवृत्त शिक्षिका, यवतमाळ. बिजलीबाईंनी माझ्या उपस्थितीत, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने सही केली. (सही)

साक्षीदार दुसरे : सेवादास धनसिंग राठोड, शेतकरी, तांडा, ता. घाटंजी. वहिनीनं माह्यासमोर सही केली. माह्या भावाचा बैल त्याच्या पोराले भेटला, हे मी पाह्यलं. (सही)